दोनदा खाली, तीनदा उजवीकडे

जुन्या रिमोटवरचं डावीकडे नेणारं बटण उजवीकडे नेणाऱ्या बटणापेक्षा जास्त झिजलं होतं. फरक फार नव्हता, अर्धा मिलिमीटर असेल. पण उजव्या बटणावरचा पांढरा बाण अजून दिसत होता आणि डाव्यावर नुसतं काळं, गुळगुळीत रबर उरलं होतं. लेकीने दोन्हींवरून अंगठा फिरवून पाहिला. तिचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानातले, दवाखान्यातले, सोनाराकडचे काटे तिच्या टेबलावर येत आणि ती त्यांच्यावर ठरलेली वजनं ठेवून कोण किती खोटं बोलतो ते लिहून घेत असे. त्यामुळे असला फरक तिच्या डोळ्यांत भरायचा. तो का पडला असेल याचा विचार मात्र तिने त्या शनिवारी केला नाही. रिमोट बाजूला ठेवून ती नव्या डबीचं खोकं उघडायला बसली.

जुनी डबी टीव्हीखाली सात वर्षं बसून होती. इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवायचे एवढंच तिचं काम, आणि तेही ती सावकाश करायची. महिन्यापूर्वी पडद्याच्या तळाशी एक पट्टी येऊ लागली: 'एक तारखेपासून या उपकरणावर आमची सेवा मिळणार नाही. कृपया नवीन उपकरण घ्या.' पट्टी आली की आई ती मोठ्याने वाचायची, एकही अक्षर न चुकता, आणि मग विचारायची, "कुणाचं पत्र आहे?"

आईने चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत टायपिंग केलं होतं. तिला वाचता अजून येत होतं, वाचलेलं राहत नव्हतं.

लेकीने नवी डबी तेव्हाच विकत घेऊन स्वतःच्या घरी ठेवली होती. बाबा ती लावू देत नव्हते. "चालतंय तोवर चालू दे," म्हणायचे. काल एक तारीख उजाडली आणि जुन्या डबीवर त्या पट्टीशिवाय दुसरं काही दिसेना. दुपारी लेकीच्या कामावर बाबांचा फोन आला. "काटेवाली, घेऊन ये तुझं ते नवीन यंत्र," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

बाबांना या डबीची एवढी धास्ती का, ते तिला ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं.

टेकडीखाली एक निवासगृह होतं. आठवण गेलेल्या माणसांना तिथे ठेवून घेत, दिवसरात्र परिचारिका असत. आईचं नाव त्यांच्या यादीत लागून अकरा महिने झाले होते. बाबा एकोणऐंशीचे. बाहेरच्या दाराला आतून तीन कड्या बसवल्या होत्या. मागच्या महिन्यात आईला आंघोळ घालताना पाय घसरून त्यांच्या बरगडीला चीर गेली होती. लेक जेव्हा जेव्हा निवासगृहाचा विषय काढी, तेव्हा त्यांचं उत्तर एकच असे. "रोज चार वाजता ती स्वतःचा कार्यक्रम स्वतः लावते. लावते की नाही? ज्या दिवशी लावता येणार नाही, त्या दिवशी बघू."

आणि आई लावायची, लेकीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. दर रविवारी चार वाजता आई सोफ्यावर पाठ ताठ करून बसायची, रिमोट डाव्या तळव्यावर घ्यायची आणि पडद्यावरून नजर न हलवता उजव्या हाताने बटणं दाबायची. टक टक. टक टक टक. टक. दोनदा खाली, तीनदा उजवीकडे, मधलं बटण. की तिचा सुतार हजर. जुनं लाकडी सामान दुरुस्त करणारा एक कमी बोलणारा सुतार होता त्या कार्यक्रमात.

डॉक्टरांचा एक तक्ता दर तीन महिन्यांनी भरावा लागे. त्यातला नववा प्रश्न होता, 'घरातलं एखादं उपकरण रुग्ण मदतीशिवाय वापरतो का?' बाकीचे रकाने भरताना लेकीचा हात जड व्हायचा. नवव्यापुढे मात्र ती 'हो'वर मनापासून खूण करायची.

परवा निवासगृहातून फोन आला होता. एक जागा रिकामी झाली होती. हो की नाही ते सोमवारी दुपारपर्यंत सांगा, नाहीतर पुढच्या नावाला विचारू, असं त्यांनी म्हटलं होतं.

"बाबा, टॉर्च नीट धरा. भोक दिसत नाहीये."

"भोकं चार आहेत. तुला कुठलं हवंय?"

बाबा टीव्हीच्या मागे वाकले होते. सिनेमाच्या थेटरात त्यांची उभी हयात ऑपरेटर म्हणून गेली होती. मशीनच्या मागच्या बाजूला त्यांना कधी परकं वाटत नसे. वायर बसली, पडदा निळा झाला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'चला, सुरू करूया!'

"कर की," बाबा म्हणाले. "तुला कुणी धरलंय?"

सुरू व्हायलाच दीड तास गेला. आधी डबीने स्वतःला अद्ययावत करायला घेतलं आणि सत्तेचाळीस टक्क्यांवर ठाण मांडलं. मग वायफायचा पासवर्ड मागितला. तो एकेक अक्षर बाणाने शोधून भरायचा. चौदा अक्षरांतलं बारावं चुकलं आणि सगळं पुसलं गेलं. मग जुनं खातं हवं होतं. त्यासाठी बाबांच्या मोबाईलवर सहा आकडी कोड येणार होता. कोड आला, पण बाबांनी चष्मा शोधून, पुसून, नाकावर चढवून चार आकडे वाचले तोवर पडद्यावर लाल ओळ आली.

"वेळ संपली म्हणतंय."

"माझी?"

"कोडची हो, बाबा."

"मग ठीक आहे. परत मागव."

तिसऱ्या खेपेला जमलं. समोर जे पान उघडलं ते मात्र जुन्यासारखं अजिबात नव्हतं. वरच्या अर्ध्या भागात कुठल्याशा मारामारीच्या सिनेमाची जाहिरात आपणहून सुरू झाली, आवाजासकट. खाली ओळीच ओळी. 'खास तुमच्यासाठी', 'सध्या गाजत असलेलं', 'हे पाहिलंत का?' सुतार कुठेच नव्हता. त्याला शोधून काढायला आणखी वीस मिनिटं गेली. लेकीने पान मागे नेऊन पुन्हा उघडलं, तर ओळींचा क्रम बदललेला.

तिने मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडचा तरुण फार अदबशीर होता.

"हे पहिलं पान आहे तसंच ठेवता येईल का? हलायला नको काही."

"मॅडम, पान आपल्या आवडीनुसार दर वेळी ताजं होतं."

"ताजं नको आहे. शिळं चालेल."

"आपली अडचण मी समजू शकतो, मॅडम. तसा पर्याय सध्या उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू शकतो का?"

"आधी पहिली तर कर," टीव्हीच्या मागून बाबा म्हणाले.

चार वाजायला पाच मिनिटं असताना आई दुपारची झोप आटोपून बाहेर आली. तिने केस ओल्या हाताने बसवले होते. सोफ्यावरच्या आपल्या जागी ती बसली, पदर सारखा केला आणि तळवा पुढे धरला. लेकीने नवा रिमोट त्यावर ठेवला. तो जुन्याच्या निम्माही नव्हता. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. टक टक. टक टक टक. टक.

पडद्यावर गाड्यांच्या गर्दीतून पळणारा एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडला. आईचे खांदे उडाले.

"हे आमचं नाही," ती म्हणाली.

"नाही आई, हे नवीन आहे. आता एकदाच खाली जायचं आणि पाचदा उजवीकडे. मी दाखवते."

लेकीने दाखवलं. आई शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत होती. मग तिने रिमोट घेतला आणि दोनदा खाली, तीनदा उजवीकडे, मधलं बटण. पुन्हा तोच ओरडणारा माणूस. लेकीने पुन्हा दाखवलं. आठव्या खेपेला तर क्रमच बदलला. ओरडणारा माणूस इतक्या वेळा लागल्यामुळे डबीने आईची आवड ओळखली होती आणि पहिल्या ओळीत तसलेच आणखी चार ओरडणारे आणून बसवले होते. लेकीने दात आवळले आणि पुन्हा सुरुवात केली. सवयीने ती वहीत मांडत होती. सतरा प्रयत्न झाले, त्यांतले तीन बरोबर. त्या तिन्ही वेळा आईच्या बोटावर तिचं बोट होतं.

अठराव्या वेळी आईने मान खाली घातली आणि बोटांकडे पाहिलं.

लेकीला टायपिंग आईनेच शिकवलं होतं, शाळेत असताना, जेवणाच्या टेबलावर. बोटांकडे बघायचं नाही, बघितलंस की चुकलंस, असं म्हणून ती तिच्या हातांवर रुमाल टाकायची. आता तीच आई स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होती, हा कुणाचा अंगठा अशा नजरेने.

थोड्या वेळाने तिने रिमोट उशीवर अगदी सरळ रेषेत ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"बाई, तुम्ही नवीन आलात का आमच्याकडे?" तिने लेकीला विचारलं. "तुम्ही छान सांगता. पण हे मशीन माझ्या सेक्शनचं नाही. मोठ्या साहेबांना सांगा, माझं जुनं तेवढं परत द्या. मी कामात कधी चूक केलेली नाही हो."

"सांगते," लेक म्हणाली.

स्वयंपाकघरात बाबा कप विसळत होते. कप केव्हाच स्वच्छ झाले होते.

"ही परत करते," लेक म्हणाली. "दुसऱ्या कंपनीची बघू. नाहीतर त्या सुताराचे सगळे भाग एका पेनड्राइव्हवर घेते आणि—"

"काटेवाली, बस जरा."

ती बसली.

"ती लावत नव्हती," बाबा म्हणाले. नळ त्यांनी चालूच ठेवला होता. "म्हणजे बोटं तिचीच. पण लावून मी ठेवायचो. खेळ संपला, ती उठून आत गेली, की तीनदा डावीकडे, दोनदा वर. आणि त्याआधी तेच डावं बटण दाबून धरून भाग परत सुरुवातीला नेऊन ठेवायचा. रीळ उलटं गुंडाळल्याशिवाय ऑपरेटर घरी जात नाही."

"कधीपासून?"

"झाले चौदा महिने. आधी डबी कुठेही थांबलेली असली तरी ती बघून बघून पोचायची. मग ते बघणं गेलं आणि मोजणं तेवढं राहिलं. मी म्हटलं, मोजते तर मोजू दे."

"आणि भाग? दर रविवारी ती खुर्चीच असायची. तुम्ही म्हणायचात, नेमका आवडीचा लागला."

"एकच भाग. पाय मोडलेली खुर्ची. चौदा महिने रोज जोडतोय तो. तिला रोज नवीनच."

लेकीने उठून नळ बंद केला. झिजलेलं डावं बटण आता तिला कळलं. काटा तपासायला घेतला की ती पहिल्यांदा एकच गोष्ट पाहायची, पारड्याला कुणाचा हात लागलेला नाही ना. नव्या माणसांनाही ती आधी हेच शिकवायची. इथे चौदा महिने पारड्यावर हात होता. तिने तो पाहिला नाही आणि त्या काट्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या पाच तक्त्यांत 'हो' लिहून दिलं. बाबांनी फसवलं म्हणावं, तर तिने एकदाही विचारलं नव्हतं. रविवारीच यायचं, चारलाच यायचं, ते सहा टक टक ऐकायचे आणि हलक्या मनाने घरी जायचं. ते तिलाही हवंच होतं.

"रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली. राग आला होता. तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

"ही नवीन गुंडाळता येत नाही?"

"नाही बाबा. ती आपली आपण बदलते."

"बघतो मी उद्या. शेवटी मशीनच आहे."

"सोमवारी दुपारपर्यंत त्यांना—"

"मला माहीत आहे सोमवार कधी असतो ते," बाबा म्हणाले आणि पुसलेला कप पुन्हा पुसू लागले.

लेक त्या दिवशी तिथेच राहिली. रविवारी सकाळी ती उठून आली तर बैठकीच्या खोलीत बाबा टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलेले. शेजारी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर चौकटीच चौकटी आखल्या होत्या, त्यांत बाण, आकडे, खाडाखोड.

"सहा वाजल्यापासून लागलोय," मागे न वळता ते म्हणाले. "हिची वायर काढून परत लावली की कधी कधी ही जुन्या जागेवर येते. सहातून एकदा. का येते ते कळलं की झालं."

"बाबा, त्याला काही नियम नसणार."

"नियमाशिवाय मशीन असतं का कुठे? तू एवढी शिकलेली, आणि असं बोलतेस?"

त्यांचा आवाज चिरका झाला होता. बरगडीवर एक हात दाबून ते परत टीव्हीच्या मागे सरकले. टॉर्च दातांत धरली. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि मारामारीची जाहिरात गरजू लागली. त्यांनी वायर काढली. परत लावली. लेक दाराशी उभी राहून पाहत होती. त्यांना थांबवायला हवं होतं, पण कोणत्या शब्दांनी, ते तिला सुचत नव्हतं.

आवाजाने आई उठून आली. तिने टीव्हीच्या मागून बाहेर आलेले दोन पाय पाहिले आणि ती थबकली.

"कोण आहे तिथे?"

बाबा गुडघ्यांवर मागे मागे येत बाहेर निघाले. केसांत जळमटं, तोंडात टॉर्च. ती हातात घेऊन ते तसेच जमिनीवर बसून राहिले, धापा टाकत.

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लेकीला वाटलं, आता ओळखेल.

"दुरुस्तीवाले का तुम्ही?" आई म्हणाली. "बसा बसा, उठू नका. आमचे हे घरात नाहीत. येतीलच आता. त्याला फार हात लावू नका हं. ते लावून ठेवतात माझ्यासाठी."

बाबांनी एकदा लेकीकडे पाहिलं.

"काय लावून ठेवतात?" त्यांनी विचारलं.

"माझा कार्यक्रम." आई सोफ्याच्या कडेला टेकली आणि तिने आवाज खाली आणला, कचेरीत साहेबांच्या पाठीमागे बोलतात तसा. "मी नुसती बटणं दाबते. सगळं तेच करतात. मी आत गेले की वाकून वाकून लावतात, आणि मग असे बसतात, जसं काही केलंच नाही. त्यांना वाटतं, मला कळत नाही."

लेकीने पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"मग सांगत का नाही तुम्ही त्यांना?" बाबा म्हणाले. बायकोशी ते आयुष्यात पहिल्यांदाच अहोजाहो करत असतील.

"काय सांगू?" आई म्हणाली. "गुडघे दुखतात त्यांचे. दमतात फार. पण मला लावता येतंय असं वाटलं ना, की दोन घास नीट जेवतात. तेवढं तरी जेवू देत म्हटलं."

आणि मग ती पाहुण्याकडे पाहून हसली, कौतुकाने, नवऱ्याबद्दल बोलताना बायका हसतात तशी.

बाबांनी टॉर्च विझवून खाली ठेवली. एक हात टेबलावर आणि एक जमिनीवर टेकत ते उठले. लेक आधार द्यायला पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग ते सोफ्यावर आईशेजारी जाऊन बसले. परक्या माणसाला जागा द्यावी तशी आई थोडी सरकली. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो तिने ओढून घेतला नाही, फक्त दाराकडे एकदा पाहिलं, कुणी येतंय का म्हणून.

"मीच आहे गं," बाबा म्हणाले. "तुझा ऑपरेटर."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर होही नव्हतं, नाहीही नव्हतं.

"मी लावून ठेवायचो ते तुला माहीत होतं, तर आता मी का लपवू?" ते म्हणाले. एकेक शब्द ते मध्ये थांबत थांबत उच्चारत होते, पण आवाज मोठा होता, लेकीलाही ऐकू जावा एवढा. "आता माझ्याच्याने होत नाही. काल दिवसभर केलं, आज सकाळपासून केलं, नाही जमलं. तुला उचलणंही जमत नाही. उद्या आपण टेकडीखाली त्यांना हो म्हणून सांगतोय. तू तिकडे राहायला जायचंस."